पवनचक्कीला तुमचाच माळ का हवा? वाऱ्याचे गणित आणि सहीआधीचे प्रश्न

बालाघाटाच्या डोंगररांगेत सध्या एक दृश्य नेहमीचे झाले आहे. रस्त्यावरून सत्तर मीटर लांबीचे पाते घेऊन ट्रेलर येतो, पुढे-मागे शिट्ट्या मारणारी माणसे, चौकातल्या तारा बांबूने उचललेल्या, वळणावरच्या बाभळीच्या फांद्या तोडलेल्या. पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढतात. त्याच्या वर्ष-दोन वर्षे आधी मात्र गावात एक जीप येऊन गेलेली असते. माळावर दोघे-तिघे उतरतात, हातातल्या यंत्रावर काहीतरी बघतात आणि विचारतात, "हा गट कुणाचा?"

धाराशिव जिल्ह्यात वाशी, भूम, कळंब, बीड जिल्ह्यात पाटोदा, केज आणि आजूबाजूच्या तालुक्यांत हा प्रश्न गेल्या काही वर्षांत गावोगाव विचारला गेला. त्याआधी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तो साताऱ्याच्या पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर, सांगलीच्या कवठेमहांकाळ-ढालगाव भागात आणि धुळ्याच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला विचारला गेला होता.

प्रश्न विचारला गेला की गावात दोन तट पडतात. एकाच्या बरड माळाला लाखांचा भाव, बांधाला बांध लागून असलेल्या भावकीच्या रानाला काहीच नाही. मग संशय सुरू होतो. ह्याने एजंटला पैसे चारले, त्याचा पुढाऱ्याशी वशिला. कधी ते खरेही असते. पण बहुतेक वेळा जागा ठरते ती वाऱ्यामुळे, आणि तो हिशेब कंपनीला तंतोतंत माहीत असतो. शेतकऱ्याला मात्र त्यातले काहीच सांगितले जात नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो.

पाते वाऱ्याने ढकलले जात नाही

जत्रेतले भिरभिरे वाऱ्याने ढकलले जाते, तशीच पवनचक्की फिरत असेल असा सर्वसाधारण समज आहे. तसे नाही. पात्याचा आडवा छेद विमानाच्या पंखासारखा असतो, एका बाजूला जास्त फुगीर. त्याच्यावरून वारा वाहिला की दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो आणि पाते एका बाजूला ओढले जाते. विमान ज्या ओढीने वर उचलले जाते, त्याच ओढीने हे पाते गोल फिरते. म्हणून तीनच पाती पुरतात. जास्त पाती लावली तर खर्च आणि वजन वाढते, वीज त्या मानाने वाढत नाही.

वरच्या डब्यात, ज्याला नॅसेल म्हणतात, पात्यांचा मोठा दांडा येतो. तो मिनिटाला दहा-बारा फेऱ्याच मारतो. बऱ्याच यंत्रांत गिअरबॉक्स ही गती शंभरपटीहून जास्त वाढवून जनरेटरला देतो. काही यंत्रे बिनगिअरची असतात, त्यांत जनरेटरच मोठा असतो. सामान्यपणे ६९० व्होल्टच्या आसपास तयार झालेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून ३३ केव्ही होते, तारांनी उपकेंद्रात जाते आणि तिथून १३२ किंवा २२० केव्ही होऊन मोठ्या लाइनला लागते. वारा दिशा बदलतो तसा डबाही तोंड फिरवतो. पातीसुद्धा आपल्या जागी वळतात, वारा फार झाला की अंग चोरतात.

"पंखा किती हळू फिरतोय, काय वीज देणार?" असे खालून बघणाऱ्याला वाटते. १४० मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला दहा फेऱ्या मारत असेल तर पात्याचे टोक ताशी २६० किलोमीटरच्या वर धावत असते. लांबून ते संथ दिसते, इतकेच.

दुसरी तक्रार असते, वारा सुटला तरी पंखा बंद का? साधारण सेकंदाला तीन मीटरच्या खाली वारा असला तर यंत्र सुरू होत नाही आणि वीस-पंचवीसच्या वर गेला तर मोडतोड होऊ नये म्हणून आपोआप थांबते. शिवाय लाइन बंद असली, दुरुस्ती असली तरी पंखा उभाच राहतो.

दुप्पट वारा, आठपट जोर

आता मुद्द्याची गोष्ट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. कारण सोपे आहे. वेग दुप्पट झाला की सेकंदाला दुप्पट हवा पात्यांतून जाते, आणि त्या प्रत्येक किलो हवेतला जोर चौपट असतो. दोन गुणिले चार, आठ.

१४० मीटर व्यासाचा पंखा जवळपास पंधरा हजार चौरस मीटर, म्हणजे पावणेचार एकर आकाश झाडून काढतो. सेकंदाला ४ मीटर वारा असताना असे यंत्र सव्वादोनशे किलोवॅटच्या आसपास वीज देते. ८ मीटरला तेच यंत्र १९०० किलोवॅटच्या घरात जाते. वाऱ्यातली सगळी ताकद कुणालाच काढता येत नाही. जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले की कितीही चांगले यंत्र केले तरी ५९.३ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही, कारण सगळी ताकद काढली तर वारा पात्यामागेच थांबेल आणि पुढचा वारा आत येणार नाही. चांगली यंत्रे चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत पोचतात.

म्हणून सरासरी वेगात एका मीटरचा फरक म्हणजे फार मोठा फरक. सेकंदाला ५ मीटरऐवजी ६ मीटर वारा असेल तर ताकद ७३ टक्के जास्त. वर्षभराच्या विजेत फरक एवढा राहत नाही, कारण ३ मेगावॅटचे यंत्र ३ मेगावॅटच्या वर देऊ शकत नाही. तरी तो पुरेसा मोठा असतो. समजा, एका जागेवर ३ मेगावॅटचे यंत्र वर्षभरात क्षमतेच्या २५ टक्के वीज देते आणि दुसऱ्या जागेवर ३० टक्के. पहिल्या जागी वर्षाला सुमारे ६५ लाख ७० हजार युनिट होतात, दुसऱ्या जागी ७८ लाख ८४ हजार. युनिटला साडेतीन रुपये दर धरला तर फरक होतो वर्षाला ४६ लाखांचा. पंचवीस वर्षांत साडेअकरा कोटी.

हे सगळे पैसे शेतकऱ्याचे, असे कुणी समजू नये. यंत्रालाच वीस कोटींच्या घरात खर्च येतो, कर्ज असते, देखभाल असते. पण एजंट जेव्हा म्हणतो, "हा माळ नाही तर दुसरा माळ, आम्हाला सगळे सारखेच," तेव्हा ते खरे नसते हे ह्या आकड्यावरून कळते.

मराठवाडा आत्ताच का?

वारा तर आधीपासून होता. मग कंपन्या आधी साताऱ्याला का गेल्या आणि बालाघाटावर आत्ता का आल्या? ह्याचे उत्तर टॉवरच्या उंचीत आहे.

कॅनॉलचे पाणी काठाला संथ आणि मध्ये वेगात असते. वाऱ्याचेही तसेच आहे. जमिनीलगत उभी ज्वारी, बांध, बाभळी, घरे ह्यांना घासून वारा मंदावतो. वर जावे तसा मोकळा होतो. मोकळ्या माळावर दहा मीटर उंचीवर जो वेग असतो, त्याच्या साधारण दीडपट वेग १४० मीटरवर मिळतो. आणि वेग दीडपट म्हणजे ताकद तिपटीहून जास्त.

चेन्नईला केंद्र सरकारची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था आहे. तिने राज्यवार वाऱ्याचे अंदाज काढले आहेत. १०० मीटर उंची धरली तर महाराष्ट्राची पवन ऊर्जेची क्षमता सुमारे ४५ हजार मेगावॅट. १२० मीटरला ९८ हजार. १५० मीटरला १ लाख ७३ हजार मेगावॅटच्या वर. वारा तोच, राज्य तेच, बदलली ती फक्त उंची. प्रत्यक्षात राज्यात आजवर उभी राहिलेली क्षमता पाच हजार मेगावॅटच्या थोडी पुढे आहे, म्हणजे जीप फिरायच्या अजून थांबलेल्या नाहीत.

वनकुसवड्याचे पठार कोयनेच्या जलाशयावर अकराशे मीटरच्या पुढच्या उंचीवर आहे. तिथे बुटक्या टॉवरवरही पश्चिमेचा वारा भरपूर मिळायचा. मराठवाड्यात त्या काळातली यंत्रे परवडली नसती. टॉवर १२०-१४० मीटरवर गेले, पाती लांब झाली, मग मध्यम वाऱ्याचा माळसुद्धा कामाचा झाला.

कड्याची जागा आणि पायथ्याची जागा

आपल्याकडे वर्षभर वारा सारखा नसतो. मिरग लागायच्या आसपास पश्चिमेचा, नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो आणि श्रावण-भाद्रपदापर्यंत टिकतो. वर्षातली बरीचशी वीज ह्याच चार महिन्यांत तयार होते. म्हणून जागा शोधताना ह्या वाऱ्याच्या आड काय येते ते आधी बघतात.

डोंगराची धार वाऱ्याला आडवी असेल तर चढावर वारा दाबला जातो आणि माथ्यावर वेगाने निसटतो. नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी जोरात उडते, तसे. म्हणून पठाराची पश्चिमेकडची कड सोन्याची. पण कडा एकदम तुटलेला असेल तर माथ्यावर भोवरे होतात, पात्यांना हिसके बसतात, गिअर लवकर जातो. अशा वेळी यंत्र कड्यापासून थोडे आत घेतात. डोंगराच्या मागच्या पायथ्याला वारा जवळजवळ मेलेला असतो. तिथल्या शेतकऱ्याने कितीही ओळखी लावल्या तरी पवनचक्की येणार नाही.

आता शेजारच्या बांधाचा प्रश्न. एका पवनचक्कीने वारा ओढून घेतला की तिच्या मागे लांबपर्यंत वारा मंद आणि गढूळ होतो. म्हणून वाऱ्याच्या दिशेत दोन यंत्रांमध्ये साधारण पंख्याच्या व्यासाच्या पाच ते सात पट अंतर सोडतात. १४० मीटरचा पंखा असेल तर सातशे मीटर ते एक किलोमीटर. आडव्या रांगेत हे अंतर कमी चालते, तरी चारशे मीटरच्या आसपास लागतेच. एका गटात यंत्र आले की बांधापलीकडच्या गटात दुसरे येणार नाही, ते ह्यामुळे. भावकीतली निम्मी भांडणे इथे मिटायला हरकत नाही.

ह्याची एक दुसरी बाजूही आहे. यंत्र वीस-तीस मीटर इकडे-तिकडे सरकवायला कंपनीला फार त्रास नसतो, तीनशे मीटर सरकवले की सगळी मांडणी बिघडते. आपला गट छोटा असेल आणि शेजारी तयार असेल तर ताणून धरण्यात अर्थ नाही. पण कडेवरचे लागोपाठ चार-पाच गटवाले एकत्र बसले तर कंपनीला टाळून जाता येत नाही. एजंट प्रत्येकाला वेगवेगळे गाठतो, एकाचा भाव दुसऱ्याला सांगू नको म्हणतो, त्याचे कारण हेच.

वारा मोजण्यासाठी कंपनी आधी उंच बारीक मनोरा उभा करते, त्यावर फिरत्या वाट्या असतात. निदान वर्षभर नोंदी घेतल्याशिवाय बँक कर्ज देत नाही. त्या नोंदी कंपनी कुणाला दाखवत नाही. तरी हातात मोबाईल असलेल्या माणसाला एक गोष्ट करता येते. ग्लोबल विंड ॲटलस नावाचा नकाशा इंटरनेटवर फुकट आहे. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाने जागतिक बँकेच्या साथीने तो केला आहे. त्यावर आपला माळ शोधून १०० किंवा १५० मीटर उंचीवरचा सरासरी वारा बघता येतो. तो मनोऱ्याइतका बिनचूक नसतो, पण आपला गट आणि खालचा गट ह्यांत किती फरक आहे ते दिसते. बोलणी करायला बसण्याआधी एवढे बघून गेलेले बरे.

जाता जाता पावसाचा विषय. "पवनचक्क्यांनी ढग पळवले" ही तक्रार सांगली-धुळ्याकडे जुनी आहे, आता इकडेही ऐकू येते. सर्वात उंच पात्याचे टोक जमिनीपासून दोनशे-सव्वादोनशे मीटरवर असते. पाऊस देणारे ढग त्याच्या वर कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले असतात आणि ते बनतात समुद्रावरून येणाऱ्या बाष्पामुळे. पंख्याने ते हलत नाहीत. खरी गोष्ट अशी की पवनचक्क्या बसतात त्या भागात पाऊस आधीपासूनच कमी असतो. पावसाचे भांडण कंपनीशी करण्यात वेळ जातो आणि जे भांडायचे ते राहून जाते.

घर, आखाडा आणि पाचशे मीटर

केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१६ साली पवन प्रकल्पांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत पवनचक्की उभारू नये असे म्हटले आहे, आवाजाच्या कारणाने. रस्ता, इमारत, शाळा, मोठी वीजवाहिनी ह्यांपासून टॉवरची उंची, अधिक पंख्याचा अर्धा व्यास, अधिक पाच मीटर एवढे अंतर हवे. १४० मीटर टॉवर आणि १४० मीटरचा पंखा असेल तर ते २१५ मीटर होते.

गावठाण सोडून रानात राहणाऱ्यांची इथे पंचाईत होते. आपल्याकडे अनेक कुटुंबे आखाड्यावर, शेतवस्तीवर राहतात. पत्र्याचे घर, शेजारी गोठा, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नोंदच नाही. नकाशावर ते घर दिसत नाही आणि मग तीनशे मीटरवर पाया खोदला जातो. नंतर रात्रीच्या शांततेत पात्याचा फुस-फुस आवाज, सूर्य खाली असताना सकाळ-संध्याकाळी अंगणातून सरकणारी सावली. पाया भरल्यावर यंत्र कुणी हलवत नाही. वस्तीची नोंद करून घेणे आणि जागा पक्की होण्याआधी तहसीलला लेखी हरकत देऊन पोच घेणे, हे आधीच करावे लागते.

पाखरांचाही प्रश्न आहे. सोलापूर-अहिल्यानगरकडे माळढोक अभयारण्य आहे, पाटोदा तालुक्यात नायगावला मोरांचे. उघडा माळ हा माणसाला पडीक वाटतो, माळढोकाला तोच संसार. त्याला पंख्यापेक्षा तारांचा धोका जास्त, कारण त्याला समोरची तार लवकर दिसत नाही.

पैसा पंख्याला, तार दुसऱ्याच्या रानातून

सगळ्यात जास्त अन्याय जिथे होतो, तिथे गावात सगळ्यात कमी बोलले जाते. यंत्र ज्याच्या माळावर, त्याला चांगली रक्कम मिळते. पण वीज उपकेंद्रापर्यंत न्यायची तर ती दहा-वीस जणांच्या रानातून जाते. त्यांना पंखा नाही, भाडे नाही, फक्त खांब आणि डोक्यावर तार.

इथे दोन प्रकारच्या लाइन आहेत आणि त्यांतला फरक प्रत्येकाने ओळखला पाहिजे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये मोबदल्याच्या नव्या सूचना काढल्या. मनोऱ्याच्या चार पायांमधल्या जमिनीला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला. आधी, २०१५ च्या सूचनांत, हे ८५ आणि जास्तीत जास्त १५ टक्के होते. ह्या सूचना राज्यांनी स्वीकारायच्या आहेत, त्यामुळे आपल्या जिल्ह्यात आज कोणता शासन निर्णय लागू आहे ते उपविभागीय अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे.

पट्ट्याची रुंदी २२० केव्हीला ३५ मीटर आणि १३२ केव्हीला २७ मीटर धरतात. २२० केव्हीची लाइन रानातून दोनशे मीटर जात असेल तर पट्टा होतो सात हजार चौरस मीटर, सुमारे ६९ गुंठे. एकराला दहा लाख किंमत ठरली तर ३० टक्क्यांनी पाच लाखांच्या वर रक्कम होते. जमीन मालकाचीच राहते, खाली सोयाबीन-तूर घेता येते, पण घर बांधता येत नाही आणि आंब्यासारखी उंच झाडे ठेवता येत नाहीत.

मेख पुढे आहे. ह्या सूचना ६६ केव्ही आणि त्यावरच्या लाइनलाच लागू आहेत. पवनचक्कीपासून उपकेंद्रापर्यंतची लाइन बहुधा ३३ केव्हीची असते. ती ह्यात बसतच नाही. म्हणजे सगळ्यात जास्त शेतकऱ्यांच्या रानातून जी तार जाते, तिच्यासाठी हा दरच नाही, जे ठरेल ते बोलणीतून. "सरकारी रेटने दिले" असे कुणी ३३ केव्हीच्या बाबतीत म्हणत असेल तर कोणता रेट, कोणता कागद, हे विचारले पाहिजे.

कायद्याने मालकाची संमती लागते. २००३ च्या वीज कायद्याखाली २००६ साली केलेल्या नियमांत म्हटले आहे की मालकाने हरकत घेतली तर कंपनीने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टरची, लेखी परवानगी घ्यावी. काही मोठ्या लाइनना मात्र सरकार त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली टेलिग्राफ कायद्याचे अधिकार देते. हे अधिकार मिळाले की आधी संमती घ्यावी लागत नाही, मोबदला मात्र द्यावाच लागतो. म्हणून खांब टाकायला माणसे आली की पहिला प्रश्न एकच: लाइन किती केव्हीची आणि कोणत्या आदेशाने? आदेशाची प्रत मोबाईलवर फोटो काढून ठेवावी. पोलीस बंदोबस्त बरोबर आहे म्हणजे आदेश आहेच, असे नसते.

दलाल, खंडणी आणि बंद दाराआडचे भाव

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्की प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीतून हे प्रकरण घडल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे. कोर्टात काय सिद्ध व्हायचे ते होईल. पण माळावरच्या वाऱ्यात पैसा आला की त्याच्याभोवती काय गोळा होते, ते त्या दिवशी अख्ख्या राज्याने पाहिले.

ही साखळी वाढते ती भाव गुप्त असतात म्हणून. एका गटाला एक रक्कम, दुसऱ्याला निम्मी, मधली कुठे गेली ते कुणी विचारत नाही. गावाच्या हातात गुंडाला अडवण्याची ताकद नसते, पण भाव उघड करण्याची असते. यंत्र, रस्ता, खांब, तार, प्रत्येकाचा दर ग्रामसभेत वाचला गेला आणि इतिवृत्तात लिहिला गेला तर मधल्या माणसाला खायला फार जागा उरत नाही. कंपन्यांनाही हे सोयीचे आहे. त्यांचेही काम अडते, त्यांचेही पैसे भलत्याच्या खिशात जातात.

कागदावर काय असते

एका यंत्राला पाया, क्रेनची जागा धरून साधारण अडीच एकरांच्या आसपास जमीन मागितली जाते. काही ठिकाणी खरेदीखत करतात, काही ठिकाणी पंचवीस-तीस वर्षांचा भाडेकरार. खरेदीत पैसा एकदम मिळतो, जमीन जाते. पोरीचे लग्न, दवाखाना, सावकार असे काही डोक्यावर असले की एकरकमी रक्कम गोड वाटते, त्यात कुणाला नावे ठेवण्यासारखे नाही. पण ज्या जागेत वारा आहे ती जागा पंचवीस वर्षांनंतरही कामाची राहणार आहे, एवढे विकणाऱ्याला ठाऊक असावे.

भाडेकरारात वाढ लिहिलेली नसेल तर ते फसवे असते. आज वर्षाला एक लाख ठरले आणि तेच कायम राहिले तर, महागाई दरवर्षी पाच टक्के धरली तरी, पंचविसाव्या वर्षी त्या लाखाची किंमत आजच्या तीस हजारांएवढी उरते. आणि एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलाच पाहिजे. शंभर-पाचशेच्या बाँडवर नोटरी करून दिलेला कागद पुरत नाही.

कोऱ्या जागा ठेवलेले संमतिपत्र आणि मुखत्यारपत्र ह्यांवर सही करणे सगळ्यात धोक्याचे. मुखत्यारपत्र एजंटच्या नावाने असेल तर भाव तोच ठरवतो आणि पैसेही त्याच्या हातून येतात. सातबारावर बहिणींची नावे असतील तर त्यांच्या सह्या लागतात, नंतर कोर्टात जाण्यापेक्षा आधीच विचारलेले बरे. जमीन भोगवटादार वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार टिकत नाही.

रस्त्याचे कलम बहुतेक जण वाचत नाहीत. सत्तर मीटरचे पाते वळवायचे तर वळणावर मोठी जागा मोकळी लागते, बांध फोडले जातात, नाल्यात मुरूम भरला जातो. काम झाल्यावर बांध कोण घालणार, पाणी पूर्वीच्या वाटेने जाणार का, हे करारात नसेल तर पहिल्या मोठ्या पावसात खालच्या शेतकऱ्याचे रान खरवडून जाते. आणि तो खालचा शेतकरी करारात कुठेच नसतो.

कंपनी विकली गेली तर करार नव्या मालकावर बांधील राहतो का, हेही बघावे. ह्या धंद्यात प्रकल्प हातोहात बदलतात, जिच्या नावाने जीप आली ती कंपनी दहा वर्षांनी असेलच असे नाही.

शेवटी पाया. जमिनीखाली वीस मीटरच्या आसपास रुंद आणि तीन-चार मीटर खोल काँक्रीटचा गोल असतो, काही शे घनमीटर. यंत्राचे आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचे. त्यानंतर टॉवर उतरवणे, निदान वरचा थर फोडून माती भरणे कुणाच्या खर्चाने, त्यासाठी कंपनीने बँक हमी ठेवली आहे का? साताऱ्या-सांगलीकडची पहिली यंत्रे आता ह्याच वयाला आली आहेत. तिथली छोटी यंत्रे राज्यातल्या सर्वोत्तम वाऱ्याच्या जागा अडवून उभी आहेत. केंद्राने २०१६ मध्ये आणि सुधारून डिसेंबर २०२३ मध्ये जुनी यंत्रे काढून त्याच जागी मोठी बसवण्याचे धोरण आणले. तिकडे ज्यांनी जमीन भाड्याने दिली होती, त्यांच्या मुलांकडे आता कंपनीची माणसे नव्या कराराचे कागद घेऊन येतील. ज्यांनी विकली, त्यांच्या दारात जीप थांबायचे कारण उरलेले नाही.